जुनाट आजार, त्याचं ओझं आणि लोकांच्या नजरा: नर्सिंग रिसर्चबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सी नर्सिंगची मुलंमुली, वॉर्डातल्या सिस्टर-ब्रदर आणि मधूनमधून पेशंटचे नातेवाईकसुद्धा तेच तेच विचारतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. क्रम काही फार लावलेला नाही, हवा तो प्रश्न वाचा.

प्र. आजारावर डॉक्टर रिसर्च करतातच की, नर्सने वेगळं काय शोधायचं?

डॉक्टरांचा रिसर्च बहुतेक वेळा आजार शरीरात काय करतो ते बघतो, आपला प्रश्न असा की तो आजार घेऊन माणूस घरी गेला की पुढे काय होतं. डायबेटिसच्या एखाद्या बाईचं एचबीएवनसी, म्हणजे तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी, साडेनऊ आलं हे लॅब सांगते. ते का आलं हे कळायला त्या बाईशी निवांत बोलावं लागतं, मग कळतं की सकाळचं इन्सुलिन ती बाथरूममध्ये कडी लावून घेते, रात्रीचं मात्र रोज राहतं कारण त्या वेळी स्वयंपाकघरात सासू, जाऊ सगळ्या असतात आणि फ्रिज तिथेच आहे, आणि लग्नाला दीड वर्ष झालं तरी घरात फक्त नवऱ्याला माहीत आहे. फाईलवर याचं काय लिहिलं जातं? ‘पूअर कॉम्प्लायन्स’, म्हणजे सांगितलेले उपचार पाळत नाही. झालं.

नर्सिंगमध्ये हा विचार नीट मांडला तो ज्युलिएट कॉर्बिन यांनी, त्या स्वतः नर्स, आणि सोबत अँसेल्म स्ट्रॉस हे समाजशास्त्रज्ञ. अमेरिकेत जुनाट आजार घेऊन घरी राहणाऱ्या जोडप्यांशी बोलून 1985 मध्ये त्यांनी सांगितलं की अशा घरात तीन प्रकारची कामं एकाच वेळी चाललेली असतात: आजाराचं काम म्हणजे गोळ्या, तपासण्या, पथ्य, रोजचं काम म्हणजे स्वयंपाक, नोकरी, पोरांच्या शाळा, आणि तिसरं म्हणजे आता मी कोण राहिलो, माझं पुढे काय, हे स्वतःशी जुळवत बसण्याचं काम. कुठल्याही कामाला वेळ लागतो, पैसा लागतो, माणूस लागतं आणि एक वाढलं की दुसरं मागे पडतं. हे एकदा डोक्यात बसलं की ‘पेशंट ऐकतच नाही’ असं म्हणायला जीभ रेटत नाही.

प्र. ओझं आणि स्टिग्मा एकाच थीसिसमध्ये का घेतात? वेगळे विषय आहेत ना?

स्टिग्मा म्हणजे आजारामुळे माणसाला लागणारा डाग आणि त्यासोबतची लाज. ओझं आणि हा डाग पुस्तकात वेगळे आहेत, घरात नाहीत. वर तीन कामं सांगितली, स्टिग्मामुळे अंगावर चौथं पडतं ते लपवण्याचं, आणि माझं मत विचाराल तर जुनाट आजाराच्या ओझ्यातला सगळ्यात कमी मोजला गेलेला भाग हाच आहे. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या, बाटलीचं लेबल खरवडून काढायचं, गोळ्या खुळखुळतात म्हणून बाटलीत कापूस कोंबायचा, आपल्या जिल्ह्यातलं सेंटर सोडून एसटीने दुसऱ्या जिल्ह्यात जायचं म्हणजे ओळखीचं कोणी भेटायला नको, त्या दिवसाच्या रजेचं कारण आधीच ठरवून ठेवायचं आणि मागच्या महिन्यात काय सांगितलं होतं तेही लक्षात ठेवायचं कारण साहेबांना आठवत असतं. पैसे, वेळ, डोकं सगळं त्यात जातं. ओझ्याच्या स्केलवर, म्हणजे मार्क देऊन मोजायच्या प्रश्नावलीवर, यातलं काहीच दिसत नाही आणि स्टिग्माच्या स्केलवर ‘मी माझा आजार लपवतो’ या वाक्यापुढे एक टिकमार्क दिसतो, बस. म्हणून दोन्ही एकत्र घ्या आणि मधली ही गोष्ट तोंडाने विचारा.

प्र. स्टिग्मा म्हणजे लोक वाईट वागतात तेच ना?

तो अर्धा भाग झाला. 1986 मध्ये ग्रॅहॅम स्कॅम्बलर आणि अँथनी हॉपकिन्स यांनी इंग्लंडमध्ये अपस्मार असलेल्या लोकांचा अभ्यास केला, अपस्मार म्हणजे आपण ज्याला फिट येणं, आकडी, मिरगी म्हणतो तेच. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या: लोक खरोखर जे वाईट वागतात ते एक, आणि लोक वाईट वागतील ही आत बसलेली भीती आणि लाज दुसरी. निघालं असं की आयुष्याची जास्त वाट दुसऱ्या गोष्टीने लावली होती. माणूस आधीच लपवून ठेवतो त्यामुळे समोरच्याला वाईट वागायची वेळच येत नाही, भीती मात्र तशीच राहते.

आता यातून तुमच्या फॉर्मचं काय होतं बघा. तुम्ही फक्त ‘तुम्हाला कोणी टाकून बोललं का, कोणी घरातून काढलं का’ एवढंच विचारलंत तर पन्नासातले चाळीस जण ‘नाही’ म्हणतील आणि तुम्ही लिहाल की या भागात स्टिग्मा कमी आढळला. कमी काय, सगळे लपून बसलेत म्हणून!

आणि आपल्याकडची भीती काही हवेतली नव्हती. हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये अपस्माराचा उल्लेख होता तो 1999 च्या दुरुस्तीने निघाला. कायद्यातून गेला, पण स्थळाच्या बायोडेटात अजून कोणी लिहीत नाही. जाता जाता, फिट आल्यावर चप्पल किंवा कांदा नाकाशी धरून काहीही होत नाही. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांच्या वर गेली तर 108 ला फोन करा.

प्र. कुठकुठले आजार घेता येतात?

यादी लांब आहे: डायबेटिस, एचआयव्ही, टीबी, कुष्ठरोग, अपस्मार, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट, दम लागण्याचा आजार), किडनीचे आजार, कॅन्सर, सोरायसिस, कोड, स्टोमा बॅग (मलमूत्रासाठी पोटावर लावलेली पिशवी) असलेले पेशंट, मानसिक आजार. कोड हा मला रिसर्चसाठी फार बोलका विषय वाटतो कारण दुखत नाही, दुसऱ्याला लागत नाही, शरीराचं काही अडत नाही, तरी मुलीच्या लग्नाचं सगळं अडतं. म्हणजे तिथे आजाराचं ओझं बाजूला काढून निव्वळ नजरांचं ओझं बघता येतं.

‘डायबेटिस तर घराघरात आहे, त्यात कसला स्टिग्मा’ असं खूप जण म्हणतात. घराघरात आहे हे खरं, 2023 मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या डायबेटिस पाहणीच्या आकड्यांनुसार देशात 10 कोटी 10 लाख लोकांना आहे, मोठ्या माणसांत 11.4 टक्के. पण पन्नाशीतल्या काकांच्या गोळीची चेष्टा होते आणि बावीस वर्षांच्या टाईप वन मुलीच्या इन्सुलिनची कुजबुज होते. इन्सुलिन लागलं म्हणजे शेवटची स्टेज, मूल होणार नाही, किडन्या गेल्याच असतील, हे सगळं लोक तिच्या तोंडावर बोलतात. शिवाय ‘गोड खाल्लं असेल’ हा ठपका आहेच, टाईप वनचा त्याच्याशी काही संबंध नसताना.

प्र. केअरगिव्हरचं, म्हणजे पेशंटची काळजी घेणाऱ्याचं, ओझं मोजायला सगळे झरिटच का वापरतात?

सोपं आहे, जुनं आहे, आणि व्हायवात कोणी हरकत घेत नाही म्हणून. हे स्केल स्टीव्हन झरिट आणि सहकाऱ्यांनी 1980 मध्ये आणलं, स्मृतिभ्रंशाच्या पेशंटची काळजी घेणाऱ्या घरच्यांसाठी. सुरुवातीला 29 प्रश्न होते, आता 22 चं वापरतात, प्रत्येकाला 0 ते 4, एकूण 88. पुढे ते स्ट्रोक, कॅन्सर, किडनी, सगळीकडे गेलं.

आपल्या घरात हे भरून घेताना एक गंमत होते, गंमत म्हणायचं खरं तर काही कारण नाही. सून पलंगाशेजारी स्टुलावर बसलेली असते, सासूबाई डोळे मिटून पण जाग्या, आणि तुम्ही विचारता की यांची काळजी घेताना तुम्हाला स्वतःसाठी वेळ मिळत नाही असं वाटतं का. ती काय सांगणार? ‘नाही हो सिस्टर, आमचं कर्तव्यच आहे ते.’ शून्य. पुढचा प्रश्न, शून्य. स्कोर येतो बारा-चौदा आणि टेबलात लिहिलं जातं ‘ओझं नाही’. त्याच बाईला बाहेर व्हरांड्यात नेऊन विचारा की रात्री किती वेळा उठता, कंबर कधीपासून दुखतेय, तुमची स्वतःची बीपीची गोळी कधी घेतली होती शेवटची. मग ऐका. कर्तव्य मनापासून असतं आणि कंबरही खरोखर मोडलेली असते, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. म्हणून झरिट जरूर वापरा पण पेशंटच्या कानाआड, आणि सोबत झोप, दुखणी, बुडालेली मजुरी असले साधे प्रश्न ठेवा.

प्र. आणि स्टिग्मा मोजायला?

आजाराप्रमाणे वेगवेगळी टूल्स, म्हणजे मोजायच्या प्रश्नावल्या, आहेत आणि यातली काही चांगली टूल्स नर्सनीच बनवली आहेत, हे आपल्याच मुलांना माहीत नसतं. बार्बरा बर्गर या नर्स संशोधक, त्यांचं एचआयव्ही स्टिग्मा स्केल 2001 चं, 40 वाक्यं आणि चार भाग: प्रत्यक्ष आलेले अनुभव, कोणाला कळेल याची काळजी, स्वतःबद्दलचं वाईट मत, आणि समाज काय समजतो याची धास्ती. विल्यम होल्झेमर हेही नर्स, त्यांच्या टीमने आफ्रिकेतल्या पाच देशांत, म्हणजे लेसोथो, मलावी, दक्षिण आफ्रिका, स्वाझीलँड आणि टांझानियात काम करून 33 प्रश्नांचं टूल केलं, ते 2007 मध्ये आलं. त्यात दवाखान्यात झालेली हेळसांड हा वेगळा भाग आहे, शिव्याशाप वेगळे, कामाच्या जागचं वेगळं. मला ते आपल्या परिस्थितीला जास्त जवळचं वाटतं.

फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी जेनीन कॅटाल्डो या नर्सनेच 2011 मध्ये स्केल केलं आणि ते बर्गरच्या एचआयव्हीच्या स्केलवरून बेतलं. दोन आजारांचा संबंध काय असं वाटेल, पण दोन्हीकडे पेशंटला पहिला प्रश्न ‘तू काय केलं होतंस’ असाच येतो, तंबाखू-सिगारेट न घेतलेल्यालाही. टाईप टू डायबेटिससाठी डीएसएएस-टू आहे, 19 वाक्यांचं, ऑस्ट्रेलियातून आलेलं.

आणि एमिक नावाचं मुलाखतीचं टूल, मिचेल वाईस आणि सहकाऱ्यांचं, त्याचा मुंबईशी थेट संबंध आहे, कुष्ठरोगाच्या पेशंटवर मुंबईत केलेल्या कामाचा पेपर 1992 मध्ये आला. त्यात नुसते मार्क नाहीत, पेशंटला आजार कशामुळे झाला असं वाटतं तेही विचारलं जातं. बाहेरचं, मागच्या जन्माचं, कोणी केलेलं, जे काय असेल ते. कुष्ठरोगावर काम करायचं तर मी आधी हे बघायला सांगेन.

प्र. टूल गुगलवरून काढून मराठी करून वापरलं तर चालेल?

नाही. आधी टूल ज्यांचं आहे त्यांना मेल करून परवानगी घ्या, बरेच जण विद्यार्थ्यांना फुकट देतात. मग एकाने मराठी करायचं, मूळ न बघितलेल्या दुसऱ्याने परत इंग्रजीत न्यायचं, फरक बघायचा, तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचं, आणि थोड्या पेशंटवर चालवून बघायचं. लातूरच्या ओपीडीत चाललेलं मराठी नंदुरबारच्या पाड्यावर चालेलच असं नाही, तिथे भिली किंवा पावरी बोलणारं माणूस सोबत लागेल.

प्र. गाईड म्हणतात ‘नॉलेज अँड ॲटिट्यूड’ घे आणि स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅम दे. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर गाईड मंडळींना फारसं आवडत नाही. हा ठरलेला साचा आहे: प्रीटेस्ट, चाळीस मिनिटांचा तास फ्लिपचार्ट घेऊन, सातव्या दिवशी पोस्टटेस्ट, नॉलेज वाढलं, पी व्हॅल्यू आली म्हणजे फरक आकडेमोडीने सिद्ध झाला, थीसिस बाइंडिंगला गेली. शिकवल्यावर आठवड्याने लोकांना जास्त माहीत असतं हे सिद्ध करायला दोन वर्षं का घालवायची हे मला कधी कळलं नाही. बारावीच्या क्लासवाल्यांना विचारलं तरी सांगतील.

खरा मुद्दा असा आहे की स्टिग्मा असलेल्या आजारात पेशंटला माहिती कमी असते हे गृहीत धरणंच बहुतेक वेळा चुकीचं निघतं. दहा वर्षं एआरटीवर असलेली बाई तुम्हाला सीडीफोर आणि व्हायरल लोड या एचआयव्हीच्या रक्ततपासण्या शिकवेल. टीबीच्या पेशंटला माहीत असतं की गोळी चुकवायची नाही, पण ज्या हॉटेलात तो काम करतो तिथे मालकाला कळलं तर उद्यापासून काम नाही, म्हणून तो दुपारी चुकवतो किंवा दवाखान्यात येतच नाही. याला तुम्ही फ्लिपचार्ट दाखवून काय करणार आहात? माहिती शेजाऱ्यांना, मालकाला, सासरच्यांना नाही, आणि टीचिंग प्रोग्रॅम मात्र पेशंटला.

मग गाईडशी भांडायचं का? नाही, सिनॉप्सिसमध्येच, म्हणजे थीसिसच्या आराखड्यातच, जागा करायची. ‘नॉलेज’ हा एक भाग ठेवा, त्यासोबत लपवण्याबद्दलचे प्रश्न आणि आठ-दहा जणांच्या सविस्तर मुलाखती घाला, आणि टीचिंग द्यायचंच असेल तर ते पेशंटच्या जोडीने घरच्या एका माणसाला द्या, अर्थात पेशंट हो म्हणाला तरच. दुसरा पर्याय म्हणजे टीचिंग वॉर्डातल्या स्टाफला द्या आणि बदल पेशंटना विचारून मोजा. काम जास्त आहे, मान्य.

प्र. म्हणजे नर्सच स्टिग्मा करतात असं म्हणायचंय का?

करतो आपण, हो. मुद्दाम कोणी करत नाही, पण केसपेपरवर लाल पेनाने मोठ्ठं लिहिलेलं असतं, बेड मोरीशेजारचा कोपऱ्यातला, ड्रेसिंग सगळ्यात शेवटी, साधा बीपी बघताना डबल ग्लोव्ह्ज, आणि मावशींना दारातूनच ओरडून सांगायचं की त्या बेडचं जपून हां. पूर्ण वॉर्डला कळलं. खबरदारी सगळ्या पेशंटसाठी सारखीच घ्यायची असते हे पहिल्या वर्षाला पाठ केलेलं असतं, आणि तरी असं होतं.

एचआयव्हीच्या बाबतीत आता कायदाच आहे, 2017 चा, तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. दवाखान्यात, नोकरीत, शाळेत भेदभाव करता येत नाही, संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, कोणाला सांगता येत नाही. याच कायद्यात स्टाफसाठी सुरक्षित कामाची जागा आणि सुई टोचली तर पीईपी, म्हणजे संसर्ग टाळायची औषधं, देण्याची जबाबदारीही संस्थेवर टाकली आहे, ती बाजू आपण मागून घेत नाही. ग्लोव्ह्जचा डबा संपला की सिस्टर घाबरणार आणि घाबरलेली सिस्टर पेशंटला टाळणार, यात रिसर्च करण्यासारखं खूप आहे.

आणि उलटंही होतं. होल्झेमर यांच्याच टीममधून पुढे नर्ससाठी वेगळं टूल आलं, 19 प्रश्नांचं, त्यात दोन भाग आहेत: नर्स पेशंटला कसं वागवतात, आणि एचआयव्हीच्या पेशंटचं काम करते म्हणून त्या नर्सलाच लोक कसं वागवतात. अर्व्हिंग गॉफमन यांनी 1963 मध्येच लिहून ठेवलंय की डाग जवळच्या माणसांनाही लागतो. टीबी वॉर्डची ड्युटी लागली की ‘घरी आल्यावर आधी अंघोळ कर आणि पोराला घेऊ नकोस’ हे कितीतरी सिस्टरनी ऐकलेलं असतं.

प्र. डेटा गोळा करायला पेशंटच्या घरी गेलं तर जास्त खरं कळेल ना?

कळेल, पण तुम्ही गेलात हेच त्याच्या गल्लीला कळेल. पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल, सोबत आशाताई. आशाताई कुठल्या घरी कशासाठी जातात हे वस्तीत सगळ्यांना बरोबर माहीत असतं, त्यामुळे तुम्ही दार वाजवलंत की समोरच्या ओट्यावरच्या काकू विचारणारच, काय गं, काय झालं त्यांच्याकडे? स्टिग्मावरचा अभ्यासच स्टिग्मा वाढवून आला असं व्हायला एक भेट पुरते.

म्हणून जागा पेशंटला ठरवू द्या. कोणी ओपीडीच्या मागच्या खोलीत येईल, कोणी देवळाच्या आवारात, कोणाला फोनवरच बरं वाटेल, पण फोनवर आधी ‘आता बोलता येईल का, शेजारी कोणी आहे का’ हे विचारायचं, आणि व्हॉट्सॲपवर आजाराचं नाव असलेला मेसेज टाकायचा नाही, घरात एकच मोबाईल असतो आणि तो पोरं बघतात. साधे कपडे घाला. संमतीपत्राची प्रत पेशंटला द्यायची असते, ती घरी सापडू शकते, तेव्हा मथळ्यात आजाराचं नाव ठळक छापू नका आणि ही अडचण एथिक्स कमिटीला अर्जातच लिहून कळवा. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत अशा नाजूक परिस्थितीतल्या लोकांबद्दल वेगळा विचार दिलाय, तो वाचून जा, कमिटीपुढे उपयोगी पडतो.

प्र. मुलाखतीत पेशंट रडायला लागला तर?

थांबा. रेकॉर्डर बंद करा, पाणी द्या, गप्प बसा. पुढे चालू ठेवायचं का ते त्यालाच विचारा. कोणाकडे पाठवायचं हे आधीच ठरलेलं हवं, समुपदेशकाचं नाव आणि वेळ तुमच्या वहीत लिहिलेली असू दे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा 14416 आणि एचआयव्हीसाठी 1097 हे नंबर जवळ ठेवा. आणि तुम्हालाही त्रास होतो, तो गाईडला सांगायला लाजू नका.

प्र. एकाच पेशंटने आज एक आणि महिन्याने उलटं सांगितलं, कुठलं खरं धरू?

दोन्ही. कॅनडातल्या नर्स संशोधक बार्बरा पॅटरसन यांनी 292 गुणात्मक अभ्यास एकत्र वाचून 2001 मध्ये हेच मांडलं, की जुनाट आजारात माणूस एका ठरावीक रस्त्याने पुढे पुढे जात ‘स्वीकारापर्यंत’ पोचतो असं काही नसतं. कधी आजार पुढे येतो आणि सगळं व्यापतो, कधी मागे जातो आणि माणूस बराचसा पूर्वीसारखा जगतो, परत काहीतरी होतं आणि आजार पुढे. सीओपीडीचे आजोबा दिवाळीत नातवंडांत बसून ‘मला काही नाही’ म्हणतील आणि जानेवारीच्या थंडीत ‘आता उचला मला’ म्हणतील. आजार मागे ठेवून जगणाऱ्याला आपण ‘डिनायल’ म्हणून मोकळे होतो, आणि मदत मिळवायची तर आजार पुढे आणून दाखवावा लागतो, सर्टिफिकेटसाठी, सवलतीसाठी. कधी भेटलात, बाजूला कोण होतं, आदल्या आठवड्यात काय झालं होतं, हे फील्ड नोट्समध्ये लिहा, म्हणजे दोन उत्तरांचा अर्थ लागतो.

प्र. कुष्ठरोग तर संपलाय ना, त्यावर आता काय रिसर्च?

संपलेला नाही. डिसेंबर 2005 मध्ये देशपातळीवर दहा हजारांत एकापेक्षा कमी असं प्रमाण आलं, त्याला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून निर्मूलन म्हणतात, नवे पेशंट आजही निघतात आणि विदर्भात काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. वरोऱ्याजवळ आनंदवन 1949 मध्ये सुरू झालं तेव्हा घरातून काढलेल्या माणसाला राहायला जागा देणं हाच पहिला प्रश्न होता. आता एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगावरची एकत्र द्यायची औषधं, फुकट मिळते, सहा महिने किंवा वर्षभरात कोर्स संपतो, आणि तलाक-घटस्फोटाचं कारण म्हणून कुष्ठरोग होता तो 2019 मध्ये पाच कायद्यांतून काढला.

पण कोर्स संपला तरी ज्याच्या हातापायाची संवेदना गेली त्याचं काम जन्मभर चालू राहतं: रोज पाय पाण्यात बुडवून ठेवायचे, घट्टे घासायचे, तेल लावायचं, तळवे निरखून बघायचे, एमसीआर (मऊ रबराची खास) चप्पल घालायची. आता चाळीत किंवा एका खोलीच्या घरात हे कुठे करणार? अंगणात टबात पाय सोडून माणूस रोज बसला की लोक विचारतात, आणि ती निळी-काळी चप्पल बघूनच ओळखतात. काळजी घेतली की कळतं आणि नाही घेतली तर जखम होते. जखम झाली की तर कळतंच. माझ्या मते नर्सिंग रिसर्चला इथे सोन्यासारखी जागा आहे, कारण औषध देऊन झालंय आणि उरलेलं सगळं आपल्याच हद्दीत आहे.

प्र. सिकलसेलच्या कार्डमुळे फायदा होतो की मुलींची लग्नं मोडतात?

दोन्ही होतं. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय मिशन सुरू झालं, 2047 पर्यंत सिकलसेल संपवायचं आणि चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची असं ठरलंय. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट हा आपला पट्टा त्यात येतो. तपासणीनंतर हातात मिळणाऱ्या कार्डाचा हेतू साधा आहे, दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार व्हायची शक्यता 25 टक्के, ते लग्नाआधी कळावं. गडबड अशी की वाहक म्हणजे आजारी नाही हे समजावणारं माणूस कार्डासोबत जात नाही. एएस (वाहक) आणि एसएस (आजारी) यातला फरक न कळता ‘तिला सिकल आहे’ एवढंच गावात फिरतं, आणि मुलीचं कार्ड मागितलं जातं, मुलाचं कोणी बघत नाही. कार्ड मिळाल्यानंतर त्या घरात वर्षभरात काय काय झालं याचा अभ्यास गावपातळीवरच्या एखाद्या एएनएम (नर्स) किंवा सीएचओने (आरोग्य अधिकाऱ्याने) केला तर मी स्वतः वाचायला घेईन.

प्र. मी नर्स नाही, आईचं डायलिसिस चालू आहे. यात आमचं काय?

तुमच्याकडे तर या विषयाचा सगळा डेटा आहे. आठवड्यातून बहुतेक दोनतीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास मशीन, जाण्यायेण्याचे वेगळे, घरी पाणी मोजून प्यायचं, बटाटा-पालेभाजी पाणी काढून शिजवायची, गोळ्यांचे डबे, योजनेची कागदपत्रं दर वेळी झेरॉक्स. उपचारांचंच जे ओझं होतं त्याबद्दल कार्ल मे, व्हिक्टर माँटोरी आणि फ्रान्सिस मेअर यांनी 2009 मध्ये लिहिलं की उपचार असे हवेत जे माणसाच्या जगण्यात कमीत कमी अडथळा आणतील. तेव्हापासून संशोधक हेही विचारायला लागले की आजार सोडा, आम्ही सांगितलेलं सगळं करायला तुमचा दिवस किती जातो. कोणी विद्यार्थी फॉर्म घेऊन आला तर ‘सगळं ठीक आहे’ सांगून मोकळं होऊ नका, काय काय करावं लागतं ते मोजून सांगा. आणि भाग घ्यायचा नसेल तर सरळ नाही म्हणा, त्याने आईच्या उपचारात फरक पडता कामा नये, हे संमतीपत्रात लिहिलेलं असतं.

प्र. बायका आणि पुरुषांत फरक दिसतो का?

दिसतो. बाईला आजार झाला की तिला ‘आरामाला’ माहेरी पाठवतात आणि औषधाचा खर्च हळूहळू भावावर जातो. पुरुषाला झाला की बायको घरी करणारी मिळते, पण तो नोकरीच्या जागी लपवतो, ड्रायव्हर, वॉचमन, ऊसतोड कामगार, जिथे काम अंगावर आहे तिथे जास्त. घरातल्या इतर बायकांच्या मुलाखती घ्यायला विसरू नका.

प्र. सॅम्पल किती घेऊ?

स्केलचा अभ्यास असेल तर संख्याशास्त्राच्या सरांकडे आधी जा, डेटा गोळा झाल्यावर नाही. मुलाखतींचा असेल तर नवीन काही निघेनासं होईपर्यंत. साठ हा आकडा वरून आलेला नाही, सगळ्या सीनियरनी घेतला म्हणून तुम्हीही घेताय.

प्र. थीसिस संपल्यावर पेशंटना निकाल सांगायचे का?

सांगायचे, आणि हे फार कमी जण करतात. एक पानभर मराठीत, मोठ्या अक्षरात, टेबलं न घालता लिहा आणि ज्या ओपीडीत डेटा घेतला तिथेच द्या किंवा वाचून दाखवा. गावाचं नाव, वय आणि धंदा तिन्ही एकत्र छापू नका, तीस-चाळीस घरांच्या वाडीत ‘45 वर्षांची अंगणवाडी सेविका’ म्हटलं की माणूस सापडलाच. आणि कागद देण्याआधी पेशंटला विचारा की हा घरी न्यायचाय का, बरेच जण इथेच वाचून परत देतात.